दारे धरायला गेलो त्या रात्री

घोणस चावूनही मी वाचलो, ही हकिकत आमच्या गावात आता दोन प्रकारांनी सांगितली जाते. एका प्रकारात माझे नशीब थोर असते आणि दुसऱ्यात माझी जिद्द. दोन्ही ऐकताना मला अवघडल्यासारखे होते, कारण त्या रात्री मी घेतलेल्या निर्णयांचा हिशेब मी स्वतः पुष्कळदा मांडून पाहिला आहे आणि त्यात जमेच्या बाजूला जेवढे दिसते, जवळजवळ तेवढेच नावेच्या बाजूलाही दिसते. तो हिशेब इथे जसाच्या तसा लिहितो आहे.

पलूस तालुक्यात कृष्णाकाठी आमची पावणेदोन एकर जमीन आहे. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. शेती मुख्यतः धाकटा भाऊ आणि पुतण्या पाहतात. 2022 च्या डिसेंबरात भाऊ लग्नकार्यासाठी परगावी गेला होता आणि नेमकी त्याच आठवड्यात शेतीपंपाची थ्री फेज लाईट रात्रीची होती. आडसाली उसाला पाण्याची पाळी आलेली, पुतण्याने आदल्या रात्री दारे धरलेली, म्हणजे पाटाचे पाणी सरीसरीत वळवलेले, म्हणून त्या रात्री मी जातो असे मीच म्हणालो. लाईट बाराला आली. मोटर चालू करून मी पाटाने चालत गेलो आणि एकेक सरी भरेल तशी खोऱ्याने दारे मोडत पुढे सरकू लागलो. शेजारच्या रानातला ऊस दोनच दिवसांपूर्वी तुटला होता. तोड झाली की त्या फडातले उंदीर लगतच्या उसात शिरतात आणि उंदरांच्या मागून त्यांचे गिऱ्हाईकही येते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. नववीच्या वर्गात अन्नसाखळी शिकवताना मी हेच उदाहरण देतो.

माझ्या पायांत काही नव्हते. घरी पोटमाळ्यावर गमबुटांचा एक चांगला जोड पडून होता. 2019 च्या महापुरानंतर शाळेतला गाळ काढताना तो घेतला होता आणि गाळ निघाल्यावर बांधून ठेवला होता. भिजलेल्या सरीत गमबूट रुततो, पाय उपसताना बूट मागे राहतो, काम रेंगाळते, म्हणून आमच्याकडे दारे धरताना कोणी ते घालत नाही. मीही घातले नाहीत. माझ्या जिवाशी संबंधित असा त्या रात्रीचा सगळ्यांत मोठा निर्णय मी घरातून निघतानाच घेऊन टाकला होता, आणि तो घेताना आपण काही निर्णय घेत आहोत याची मला जाणीवही नव्हती.

एक वाजून वीस मिनिटांच्या सुमारास बांधालगत फुस्स असा लांबलचक आवाज आला. घोणस कुकरच्या शिट्टीसारखा आवाज करते, असे मी मुलांना सांगत आलो आहे. परंतु प्रत्यक्ष तो आवाज ऐकला तेव्हा पाइपाच्या सांध्यातून हवा निघते आहे असे मला वाटले आणि सांधा पाहायला मी त्याच दिशेने दोन पावले टाकली. बॅटरीचा उजेड मिणमिणता झाला होता. उजव्या पायाच्या घोट्याच्या वर, बाहेरच्या अंगाला, तापलेला दाभण टोचावा तसे काहीतरी टोचले. उजेड खाली नेला तेव्हा पाचटावर तपकिरी रंगाचे, पाठीवर साखळीसारखी ठिपक्यांची रांग असलेले जाड शरीर संथपणे उसात शिरताना दिसले.

मी पळालो, हे आधी लिहून टाकतो. दंश झालेल्या पायावर जोर देऊन धावू नये, त्या पायाची हालचाल कमीत कमी ठेवावी, हे मला पाठ होते आणि तरीही मी मोटरीच्या खोपीपर्यंतचे तीस-पस्तीस पावलांचे अंतर पळत गेलो. खोपीतल्या बल्बखाली पोहोचल्यावरच माझे शिकलेले डोके जागेवर आले. माणूस संकटात आपल्या ज्ञानाच्या पातळीवर वागतो, असे मी पूर्वी समजत असे. आता मला वाटते की पहिली दहा-वीस सेकंदे तो कोणत्याच पातळीवर वागत नसतो. त्यानंतर स्वतःला गाठून खाली बसवणे जमले, तर पुढचे सगळे.

मी पोत्यावर बसलो आणि पाय पसरला. दोन बारीक भोके होती, त्यांतून पातळ रक्त येत होते आणि भोवतीची कातडी चढू लागली होती. घोट्यावर आईने बांधलेला काळा दोरा होता. दृष्ट लागू नये म्हणून दर अमावस्येला ती तो बदलते. मी विज्ञानाचा शिक्षक असूनही तो बांधून घेतो, कारण ऐंशीच्या पुढच्या बाईशी एका दोऱ्यावरून वाद घालण्यात मला कधी अर्थ वाटला नाही. दहा मिनिटांपूर्वी सैल असलेला तो दोरा आता कातडीत रुतत चालला होता. खोपीच्या कुडाला खोचलेला विळा काढून मी त्याचे टोक दोऱ्याखाली सरकवले, धार बाहेरच्या बाजूला ठेवली आणि झटका दिला. दोरा तुटला तेव्हा त्याच्याखाली पायाभोवती पांढरट वळ उमटलेला दिसला आणि पाहता पाहता तो लाल झाला. सूज वाढली की अंगठी, जोडवी, पैंजण, दोरा यांपैकी काहीही पायाचा किंवा हाताचा रक्तपुरवठा तोडू शकते, म्हणून ते आधी काढायचे असते. त्या रात्रीचा माझा पहिला शहाणपणाचा निर्णय हाच होता.

दुसरा निर्णय काहीच न करण्याचा होता, आणि तो अधिक अवघड होता. मी शाळेत शिकत होतो तेव्हा सर्पदंशावर दंशाच्या वर घट्ट आवळपट्टी बांधावी, पात्याने चीर द्यावी, रक्त पिळून काढावे, असेच शिकवले जात असे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही मुलांना तेच शिकवले. पुढे एका प्रशिक्षणात हे सगळे चुकीचे असल्याचे कळले: आवळपट्टीने विष थांबत नाही, पाय मात्र काळा पडू शकतो, आणि घोणशीच्या विषाने रक्त गोठण्याची क्रियाच मोडत असल्यामुळे चीर दिली तर ती जखम वाहत राहते. हातात विळा होता, कमरेला टॉवेल होता, आणि जुन्या शिकवणीचा हात आपोआप टॉवेलाकडे गेला. तो मी परत आणला. त्याऐवजी खोऱ्याचा दांडा पायाच्या कडेने लावला आणि टॉवेलाने तो सैलसर बांधला, म्हणजे पाय हलू नये. मग पुतण्याला फोन केला.

पुतण्या मोटरसायकल घेऊन येईपर्यंत पलीकडच्या रानात पाणी पाजणारे आबा माझी हाक ऐकून आले. आबा सत्तरीचे, माझ्या वडिलांच्या पंक्तीला बसलेले. त्यांच्याशी मी आयुष्यात कधी आवाज चढवून बोललेलो नाही. त्यांनी पाय पाहिला आणि म्हणाले, "गुरुजी, दवाखाना कुठं पळून जातोय? आदी देवळात नेऊ. लिंबाचा पाला चावाय देत्यात. कडू लागला तर इख नाही." पुतण्याही आला होता आणि तोही घुटमळला, कारण ते देऊळ वाटेवरच होते आणि आबांचा शब्द मोडण्याची सवय आमच्या घरात कोणालाच नाही.

आबांचे म्हणणे अडाणीपणाचे नव्हते. त्यांनी जे डोळ्यांनी पाहिले होते त्यावरून ते बोलत होते. त्यांनी देवळात नेलेली चार-पाच माणसे धडधाकट घरी आलेली पाहिली होती. आपल्याकडे चावणारे बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष टोचतोच असे नाही. त्यामुळे देवळातून बरी होऊन येणाऱ्यांची संख्या नेहमीच भरपूर राहणार. जी माणसे आली नाहीत, त्यांचा काळ आला होता असे म्हटले जाते. हाच हिशेब मी 2019 च्या ऑगस्टमध्ये अगदी वेगळ्या प्रसंगी ऐकला होता. पाणी चढत असताना आम्ही शिक्षक घरोघर जाऊन माणसांना शाळेतल्या छावणीत चला म्हणून विनवत होतो, आणि वयस्कर मंडळी सांगत होती की 2005 साली पाणी उंबऱ्यापर्यंतच आले होते, यंदाही तिथेच थांबेल. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट मानली जाते. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेले. आमच्याच तालुक्यात ब्रह्मनाळला 8 ऑगस्टला माणसांनी खचाखच भरलेली नाव उलटली. त्यातल्या कोणाला दोष देण्याची माझी हिंमत नाही. आधीच्या खेपेला जी खूण कामी आली तीच खूण माणूस पुन्हा धरतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. जीव जातो तो बहुतेकमध्ये न बसणाऱ्या एका खेपेला.

मी आबांना एवढेच म्हणालो, "आबा, देवाला मी बरा होऊन येतो. आता मला सांगलीला जाऊ द्या." ते काही क्षण माझ्याकडे पाहत राहिले आणि मग पुतण्याला म्हणाले, "मग हुबा का ऱ्हायलास? काढ की गाडी." काठी घेऊन साप शोधायला ते निघाले होते, तेही मी थांबवले. आपल्याकडे वापरले जाणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्याही विषावर चालते, त्यामुळे साप मारून दवाखान्यात नेण्याची गरज नसते. तो शोधताना दुसऱ्याला दंश झाला, तर एकाचे दोन रुग्ण होतात.

रुग्णवाहिकेला फोन लावला तेव्हा ती दुसरा रुग्ण घेऊन गेली होती आणि यायला पाऊण तास लागणार होता. मोटरसायकलवर पुढे पुतण्या, मागे मला धरून बसलेले आबा, मध्ये मी आणि बाहेर काढलेला दांडा बांधलेला पाय, अशा अवस्थेत आम्ही डांबरी रस्ता गाठला. रस्त्याला लागल्यावर एक खासगी दवाखाना आहे. पुतण्याच्या ओळखीचा, म्हणून त्याने गाडी तिथे थांबवली. तिथल्या डॉक्टरांनी पाय पाहिला, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि सलाइन लावून सकाळपर्यंत बघू, सूज वाढली तर पुढे पाठवू, असे सांगितले. त्यांच्या बोलण्यात आस्था होती. अंथरूण तयार होते, ओळखीची माणसे होती, पाय ठणकत होता आणि झोपून राहावे असे मला मनापासून वाटत होते. मी विचारले, "सापाची लस आहे का आपल्याकडे?" नव्हती. "आणि किडनीवर आले तर डायलिसिस?" तेही नव्हते. मग मी उठलो. डॉक्टर थोडे दुखावले, असे मला वाटले. त्या दवाखान्यात आमची वीस मिनिटे गेली होती, आणि ती मी माझ्या नावेच्या बाजूलाच धरतो. विचारायचे ते दोन प्रश्न दारातच विचारायला हवे होते.

तिथून पुतण्याच्या मित्राची जीप मिळाली. वसगडे, नांद्रे, कर्नाळ ही गावे झोपेत असताना आम्ही त्यांतून गेलो. नांद्र्याच्या आसपास तोंडात खारट चव आली. रुमाल लावून पाहिला तर हिरड्यांतून रक्त येत होते. तोवर मला विषाची बाधा झाली आहे हे मी तर्काने जाणत होतो. त्या रुमालानंतर ते शरीराने कळले. पुतण्याने रुमाल पाहिला आणि तो काहीही न बोलता ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून बसला.

सांगलीच्या सिव्हिलमध्ये पोहोचलो तेव्हा सव्वातीन वाजत आले होते. तरुण डॉक्टर मुलीने कोणता साप, किती वाजता, काय बांधले, काय खाल्ले, एवढेच विचारले आणि माझ्या दंडातून थोडे रक्त काढून एका साध्या, कोरड्या काचेच्या नळीत घातले. नळी टेबलावर उभी ठेवली, घड्याळ पाहिले आणि सिस्टरांना सांगितले की वीस मिनिटे हिला कोणी हात लावायचा नाही. मी जन्मभर प्रयोगशाळेत परीक्षानळ्या हाताळल्या आहेत. इतक्या साध्या नळीकडे इतक्या एकाग्रतेने मी कधी पाहिले नव्हते. निरोगी माणसाचे रक्त एवढ्या वेळात दह्यासारखे घट्ट बसते आणि नळी उलटी केली तरी जागचे हलत नाही. वीस मिनिटांनी डॉक्टरांनी नळी हळूच तिरपी केली. माझे रक्त चहासारखे एका कडेला वाहत गेले. "गोठत नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात भीती नव्हती. पुढचे काम ठरले एवढेच त्यात होते.

प्रतिविषाच्या दहा बाटल्या सलाइनमधून सुरू झाल्या. प्रत्येक बाटलीत पांढरी भुकटी असते. पाणी घालून ती न घुसळता हलक्या हाताने फिरवत विरघळवावी लागते, आणि दोन सिस्टर समोरासमोर बसून, ताकाच्या गडव्याला फिरवावे तशा त्या बाटल्या तळव्यांत फिरवत होत्या. ते पाहताना मला वर्गात सांगितलेले आठवले: घोड्यांना सापाचे विष अगदी थोड्या प्रमाणात टोचत जातात, घोड्याच्या रक्तात त्याला तोंड देणारी प्रतिद्रव्ये तयार होतात, आणि त्यापासून हे औषध बनते. ते विष पुरवणाऱ्यांत तमिळनाडूतल्या इरुला जमातीच्या सर्पमित्रांची सहकारी संस्था प्रमुख आहे. त्या माणसांनी कधीतरी जिवंत घोणशीचे तोंड काचेच्या भांड्यावर दाबून धरले होते, म्हणून सांगलीत पहाटे साडेतीनला माझ्या हातात सुई होती. नशीब आणि जिद्द यांच्यात या माणसांना कुठे बसवायचे, हे मला अजून कळलेले नाही.

पंधरा मिनिटांत अंगाला प्रचंड खाज सुटली, थंडी वाजून दात आपटू लागले आणि श्वास आखूड झाला. घोड्याचे प्रथिन माणसाच्या शरीराला परके असल्यामुळे अशी प्रतिक्रिया येऊ शकते. सलाइन थांबवून मांडीत ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन दिले आणि श्वास मोकळा झाल्यावर औषध पुन्हा संथ गतीने सुरू केले. त्या वेळी मी काहीही ठरवत नव्हतो. खोपीत बसल्यापासून सिव्हिलच्या दारापर्यंत दोन तास मी एकामागून एक निर्णय घेत आलो होतो. दारातून आत आल्यावर माझे काम फक्त पडून राहण्याचे होते. हे सोपे असेल असे वाटले होते. परंतु जो दोन तास स्वतःच्या जिवाचा कारभारी असतो, त्याला एकाएकी ते पद सोडणे जड जाते. मी सारखा सलाइनचे थेंब मोजत होतो आणि सिस्टरांना गती विचारत होतो. शेवटी एक वयस्कर सिस्टर म्हणाल्या, "सर, तुमचा तास संपला. आता आमचा आहे."

सहा तासांनी पुन्हा नळी भरली. रक्त पुन्हा वाहिले. आणखी दहा बाटल्या दिल्या. दुपारनंतरच्या नळीत रक्त गोठले. सिस्टरांनी ती नळी उलटी धरून मला दाखवली, तेव्हा माझी बायको पहिल्यांदा रडली.

मी वाचलो असे सगळ्यांनी तेव्हाच ठरवून टाकले, आणि माझ्याकडून सगळ्यांत वाईट निर्णय घडला तो त्यानंतर. घोणशीचे विष मूत्रपिंडावर जाते. दुसऱ्या दिवशी लघवी चहाच्या रंगाची झाली आणि तिसऱ्या दिवशी चोवीस तासांत मोजपात्रात जेमतेम दीडशे मिलिलिटर भरली. मूत्रपिंडे बिघडली की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन चढत होते. डॉक्टरांनी डायलिसिस सुचवले आणि मी नाही म्हणालो. एकदा मशीन लागले की जन्माचे लागते, हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकले होते की ते मला ज्ञान वाटत होते. आबांचा लिंबाचा पाला मी नाकारला, तो पुस्तकी कारण देऊन; आणि माझा स्वतःचा लिंबाचा पाला मात्र मी तोंडात धरून बसलो होतो. माझ्या नकारापायी एक पूर्ण दिवस गेला. पावलांवर आणि चेहऱ्यावर सूज आली, आडवे झाले की दम लागू लागला. त्या रात्री बायको पलंगाशेजारी बसून म्हणाली, "अहो, आबांना कसं ठामपणे सांगितलंत म्हणे? तसंच आता स्वतःला सांगा." विभागातल्या मोठ्या डॉक्टरांनी सकाळी पुन्हा समजावले की जुन्या आजाराने निकामी झालेले मूत्रपिंड वेगळे आणि विषाच्या धक्क्याने काही आठवडे बंद पडलेले वेगळे, दुसऱ्या प्रकारात मशीन हा बहुधा तात्पुरता आधार असतो. मी सही केली. एकूण चार वेळा डायलिसिस झाले आणि नवव्या दिवशी लघवी वाढू लागली.

डायलिसिसच्या खोलीत शेजारच्या पलंगावर एक ऊसतोड मजूर बाई होती. मराठवाड्यातून नवरा-बायकोची जोडी, म्हणजे त्यांच्या बोलीत एक कोयता, टोळीबरोबर आली होती. नवऱ्याकडून हकिकत कळली. पहाटे पाचला अंधारात मोळी बांधताना पाचटाखालून तिच्या उजव्या हाताच्या बोटाला घोणस चावली. तिने लगेच सांगितले नाही. "एवढी गाडी भरू द्या म्हणली," नवरा सांगत होता. गाडी भरली नसती तर खाडा धरला गेला असता, आणि खाडा म्हणजे आगाऊ घेतलेली उचल फिटायला आणखी उशीर. हात कोपरापर्यंत सुजल्यावर तिने दाखवला. मुकादम दुसऱ्या फडावर होता. त्याला विचारल्याशिवाय गाडी सोडता येत नव्हती. कोणीतरी एका जाणत्याकडे नेले, त्याने करकचून दोरी बांधली. ती सिव्हिलला पोहोचली तेव्हा दुपारचा एक वाजला होता.

त्या नवऱ्याने मला विचारले की गुरुजी, तुम्ही एवढ्या लवकर कसे काय आलात. मी काय सांगणार होतो? माझ्याकडे फोन होता, पुतण्या होता, जीपवाला मित्र होता. दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो नसतो तर माझा पगार कापला जाणार नव्हता. देवळात जायचे नाही असे मी म्हणू शकलो, कारण मी गुरुजी होतो आणि नाही म्हटलेले ऐकले जाईल एवढी माझी गावात पत होती. तिनेही निर्णय घेतलाच होता. गाडी भरेपर्यंत गप्प राहण्याचा. तिच्यापुढे जी दोन संकटे होती त्यांतले जवळचे कोणते, हे तिने तिच्या अनुभवाने ठरवले. जिवावरच्या संकटात माणसाची निवड कामी येते, हे मी स्वतःवरून नक्की सांगू शकतो. ती निवड करण्याची सोय मात्र संकटाच्या कितीतरी आधी, दुसऱ्याच कुठल्यातरी हिशेबात ठरून गेलेली असते.

ती वाचली. एक बोट काढावे लागले. मी सतराव्या दिवशी घरी जायला निघालो तेव्हा ती पलंगावर बसून डाव्या हाताने भाकरी मोडत होती. मी विचारपूस केली तर उरलेल्या चार बोटांची मूठ करून तिने मला दाखवली आणि म्हणाली, "कोयता धरता येतोय की."

घरी आल्यावर पायाची सूज उतरायला दोन महिने लागले. आबा रोज संध्याकाळी येऊन बसत. एकदा चहा पिताना म्हणाले, "गुरुजी, गेला असतास तर सरकारकडनं दोन लाख मिळालं असतं बरं का." शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाचा समावेश आहे आणि ही बातमी आबांनी कुठून तरी मिळवली होती. आम्ही दोघेही खूप हसलो. 2000 ते 2019 या वीस वर्षांत आपल्या देशात सुमारे 12 लाख माणसे सर्पदंशाने गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. 2024 च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. हे मी आबांना वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले की आराखडा चांगला आहे, परंतु त्यात पाण्याची लाईट दिवसा देण्याचे काही लिहिले आहे का ते बघ. मी पुन्हा पाहिले. माझ्या हातातल्या बातमीत तरी तसे काही नव्हते.

आईने पहिल्याच अमावस्येला नवा दोरा काढला. विळ्याने दोरा तोडल्याचे मी तिला सांगितले होते आणि तिने त्यावर काहीच म्हटले नव्हते. तिने माझ्या पायाकडे पाहिले, दोरा दोन बोटे आत जातील इतका सैल बांधला, आणि बोटे घालून तपासून पाहिला.

पुढच्या डिसेंबरात एका रात्री मी पुन्हा दारे धरायला गेलो. पुतण्या नको म्हणत होता. मीच म्हणालो, जातो. पायांत गुडघ्यापर्यंतचे गमबूट होते, हातात नवी बॅटरी होती आणि काठी आपटत मी एकेक पाऊल टाकत होतो. तिसऱ्या सरीत उजवा बूट चिखलात रुतला. ओढला तर पाय वर आला आणि बूट खालीच राहिला. एका पायावर तोल सांभाळत, खोऱ्याला टेकून मी उभा राहिलो. बांध दहा पावलांवर होता आणि सरी फुटून पाणी शेजारच्या रानात चालले होते. बूट तसाच सोडून दोन मिनिटांत दारे बांधून येता आले असते. मी पाण्याला जाऊ दिले. बॅटरी दातांत धरली, खाली वाकलो, आणि बुटाच्या दोन्ही कडा धरून तो हलवून हलवून सैल करू लागलो.